देवळाच्या पायरीवरून



ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ चालते ते चित्रकलेचे सर समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांना शिकवून गेले आहेत. मलाही. मी त्यांच्याविषयी बोलावं अशी संयोजकांची इच्छा होती, ती मी मोडतो आहे. शाळेत कुणी सरांच्या कौतुकाचं भाषण सुरू केलं की सर डस्टर घेऊन कोरा फळा पुसायला लागायचे. तेव्हा आज सरांवर बोलत नाही. त्यांच्या भिंतीवर एक चित्र होतं, त्यावर बोलतो.

वाकोल्याच्या त्यांच्या दोन खोल्यांत ते लावलेलं होतं. एका जपानी कॅलेंडरचं पान. त्या काळी जपानी कंपन्यांशी ज्यांचा व्यवहार असे त्यांच्याकडे डिसेंबरात अशी कॅलेंडरं यायची आणि नातेवाइकांत, शेजारीपाजारी हक्काने मागून नेली जायची. सरांपर्यंत हे कॅलेंडर पोचलं तेव्हा वर्ष सरत आलं होतं. त्यांनी तारखांचा भाग ब्लेडने कापून काढला, त्याच्या कोऱ्या पाठीवर काकूंनी दुधाचा हिशेब लिहिला आणि चित्र तेवढं भिंतीवर गेलं.

मी तेव्हा एलिमेंटरीच्या परीक्षेची तयारी करत होतो. चित्रात अगदी पुढे, जवळजवळ नाकाला लागतील इतके जवळ, झाडाचे दोन बुंधे होते. एकाच झाडाचे दोन फाटे म्हणा किंवा शेजारी वाढलेली दोन झाडं म्हणा. वरून तांबडी, टोकदार पाकळ्यांसारखी पानं लोंबत होती. त्या दोन बुंध्यांच्या बेचक्यातून खूप खाली, खूप लांब पाणथळ जमीन, एक छोटा पूल, एक एवढंसं छप्पर आणि त्यापलीकडे डोंगर.

"सर, हे कसलं चित्र?"

"देवळाचं. शरद ऋतूतलं."

"यात देऊळ कुठाय?"

सरांनी खालच्या छपराकडे बोट दाखवलं. "ते असेल." जपानी अक्षरं त्यांनाही वाचता येत नव्हती, आणि इंग्रजीत जी एक बारीक ओळ छापलेली होती ती तारखांबरोबर कापली गेली होती. मला काही ते पटलं नाही. देवळाचं चित्र आणि त्यात देऊळ तांदळाएवढं? आमच्या घरच्या तसबिरीत गणपती चौकट भरून बसलेला असायचा.

ते चित्र नेमकं कुठलं हे मला फार उशिरा कळलं. चित्रकार उतागावा हिरोशिगे, जन्म 1797, मृत्यू 1858. गाव एदो, म्हणजे आजचं तोक्यो. घराण्याची चाकरी अग्निशमन दलातली. वडिलांमागे ती पोरवयातच त्याच्याकडे आली. आगी विझवता विझवता हा माणूस पाऊस, बर्फ आणि धुकं यांचा चित्रकार झाला. शेवटच्या वर्षांत, 1856 ते 1858 या काळात, त्याने एदोमधल्या आणि आसपासच्या शंभर नामांकित जागांची मालिका केली. नाव शंभराचं, पण त्याच्या हातची चित्रं भरली 118, आणि एक त्याच्या शिष्याने केलं. 1855 च्या भूकंपाने एदोची पडझड झाली होती, त्यानंतर लगेच ही मालिका सुरू झाली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

सरांच्या भिंतीवरचं चित्र त्या मालिकेतलं, 1857 चं. त्याच्या नावाचा अर्थ साधारण असा: मामा इथली तांबडी मेपल, तेकोनाचं देऊळ आणि जोडपूल. मामा हे गावाचं नाव आहे. हसायचं ते आत्ताच हसून घ्या. तेकोना ही तिथली मुलगी. इतकी देखणी की मागणी घालणारे आपसांत भांडू लागले, आणि कुणा एकाला होकार दिला तर बाकीच्यांचं काय, या विचाराने तिने पाण्यात जीव दिला, अशी कथा आहे. आठव्या शतकातल्या 'मान्योशू' या जपानी काव्यसंग्रहात तिच्यावर कविता आहेत. पुढे तिथे तिचं देऊळ झालं. खाली दिसणारं ते छप्पर तिचं. आपल्याकडे गावच्या वेशीवर सतीचं नाहीतर एखाद्या जोगणीचं ठाणं असतं, तशातलीच गोष्ट. म्हणजे सरांनी दाखवलेलं बोट बरोबर होतं.

पण अर्धंच बरोबर. चित्रात आणखी एक देऊळ आहे, आणि ते दिसत नाही. हे दृश्य ज्या टेकडीवरून दिसतं तिच्यावर गुहोजी नावाचं निचिरेन पंथाचं जुनं बौद्ध मंदिर आहे. ही मेपलची झाडं त्याच्या आवारातली. शरदात एदोचे लोक ती बघायला मुद्दाम तिथवर चालत जायचे. म्हणजे चित्रकार मंदिराच्या अंगणात उभा आहे आणि चित्र पाहणारे आपणही तिथेच आहोत. मंदिर आपल्या पाठीशी आहे. "देऊळ कुठाय" या माझ्या प्रश्नाचं उत्तर होतं, "तू उभा आहेस तिथे."

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. देवदर्शन झालं की आपण लगेच चपला शोधत नाही. क्षणभर पायरीवर टेकतो. न टेकता निघालो तर आजी मागून हाक मारायची, "अरे, जरा बस देवळात." आता गाभारा मागे असतो आणि समोर अंगण, पार, फुलवाली, रस्ता. देव पाहून झालेला असतो. आता देवळाच्या जागेवरून जग कसं दिसतं ते आपण पाहत असतो. हिरोशिगेचं हे चित्र त्या पायरीवरचं आहे. देवळाचं चित्र काढायचे दोन मार्ग असतात. एक, देवळासमोर उभं राहून देऊळ काढायचं. दुसरा, देवळात बसून बाहेरचं काढायचं. दुसऱ्या मार्गात देऊळ वगळावं लागतं. आजचं माझं सगळं बोलणं या वगळण्याबद्दल आहे.

(विमान जाऊ द्या. सांताक्रूझमध्ये व्याख्यान द्यायचं तर दर पाच मिनिटांनी श्वास घ्यायला मिळतो, वक्त्याची सोय आहे.)

आता हे चित्र तयार कसं होतं ते पाहू. आमच्यापैकी काहींना सरांनी लिनोकट शिकवला होता. पहिल्या तासाला मी मोठ्या हौसेने लिनोवर माझं नाव कोरलं, शाई फिरवली, कागद दाबून उचलला, आणि नाव उलटं! सर हसले नाहीत. त्यांनी तो कागद आरशासमोर धरला आणि म्हणाले, "आरशाला येतं वाचता. आता तू शीक." दुसरा धडा त्याहून अवघड होता. पेन्सिलीने आपण जिथे रेघ मारतो तिथे काळं होतं. ठशात जिथे हत्यार चालवतो तिथे पांढरं होतं. काळी रेघ हवी असेल तर तिच्या दोन्ही बाजूंचं सगळं काढून टाकायचं आणि तिला हात लावायचा नाही.

जपानी लाकडी ठशांचं सगळं शास्त्र या दोन धड्यांत बसतं. चित्रकार पातळ कागदावर शाईने रेखाटन करतो. कोरणारा तो कागद चेरीच्या लाकडाच्या फळीवर पालथा चिकटवतो. उलट-सुलटाचा प्रश्न तिथेच मिटतो. मग रेघ तेवढी ठेवून बाकीचं लाकूड तो काढून टाकतो. यात मूळ रेखाटन फळीबरोबर तासलं जातं, नाहीसं होतं. म्हणून हिरोशिगेच्या या चित्राचं 'मूळ चित्र' कुठल्या तिजोरीत असेल असं समजू नका. छापलेली प्रत हेच मूळ. चित्रकाराने हाताने काढलेली रेघ मेली तेव्हा हजारो हातांत जाणारी रेघ जन्मली.

या रेघेच्या फळीवरून कच्च्या प्रती छापून घ्यायच्या आणि एकेका रंगासाठी वेगळी फळी कोरायची. प्रत्येक फळीवर एका कोपऱ्यात काटकोनी आणि एका कडेला सरळ अशा दोन खाचा ठेवलेल्या असतात. ओलसर कागद दर वेळी त्या खाचांत नेमका बसवायचा, म्हणजे दहाव्या रंगाचं पानही पहिल्या रेघेच्या आतच पडतं. छापखान्याचं यंत्र नाही. रंगात भाताची खळ मिसळून तो ब्रशने फळीवर पसरायचा, वर कागद ठेवायचा आणि बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या चकतीने पाठीमागून घासायचं. आकाशाच्या वरच्या कडेला गडद निळा पट्टा असतो आणि तो खाली येता येता विरघळतो. ती छटा फळीवर कोरलेली नसते. छापणारा ओल्या फडक्याने रंग पुसत पुसत ती दर प्रतीला नव्याने घडवतो, म्हणून दोन प्रतींचं आकाश तंतोतंत सारखं नसतं.

म्हणजे हे एका माणसाचं काम नव्हे. चित्रकार, कोरणारा, छापणारा आणि पैसे घालणारा प्रकाशक अशी चौघांची ही भागीदारी. अनेक रंगांची अशी छपाई 1765 च्या सुमारास एदोत रुळली. चित्रं स्वस्त होती. दोन वाडगे शेवया खाव्यात तेवढ्या पैशांत एखादं चित्र घरी नेता येई. आपल्याकडे याचा सगळ्यात जवळचा नातेवाईक म्हणजे राजा रविवर्म्याचा छापखाना. तो 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि 1899 मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे लाकडाऐवजी दगड होता, पण तत्त्व तेच: एका रंगाला एक दगड, आणि रंगावर रंग नेमका बसला पाहिजे. त्या लक्ष्मी-सरस्वती आजही आपल्या देवघरांत आहेत. फरक इतकाच की रविवर्म्याच्या छापखान्याने घरोघरी देव पोचवले आणि हिरोशिगेच्या प्रकाशकाने घरोघरी पायरीवरून दिसणारं जग पोचवलं.

आता ऋतूकडे येऊ. 'शरद' हा शब्द सरांनी वापरला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर पानगळ आलीच नाही. कशी येणार? आपला शरद म्हणजे पाऊस परतल्यावरचं धुतलेलं आकाश, भाताची लोंबी, ऑक्टोबरचा चटका आणि कोजागरी. आपली पानगळ शिशिरातली. मर्ढेकरांच्या 1939 मधल्या पहिल्या कवितासंग्रहाचं नाव 'शिशिरागम' आहे, ते उगाच नव्हे. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' वाचलेल्यांना ठाऊक आहे की आपल्याकडे एक झाड पानं टाकत असतं तेव्हा शेजारचं मोहरत असतं. सगळं रान एकदम तांबडं होऊन मग एकदम उघडं पडलं, असं आपल्याकडे घडत नाही. आणि सांताक्रूझकरांना ऋतू कळतो तो तर आकड्यांत. 26 जुलै 2005 ला आपल्या वेधशाळेने चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला. तेव्हापासून पावसाळा म्हटलं की आपल्या गावाचं नाव देशाच्या बातम्यांत येतं.

जपानी मेपलच्या पानात शरदात दोन गोष्टी घडतात. थंडी लागली की हिरवं द्रव्य मोडू लागतं. पानात पिवळा रंग आधीपासून असतोच, हिरव्याखाली झाकलेला. हिरवा गेला की तो दिसतो. देवळांच्या अंगणातले गिंको वृक्ष असे पिवळे होतात. मेपलचा लाल मात्र आधी तिथे नसतो. गळायच्या आधी, उन्हाचे दिवस आणि गार रात्री अशा हवेत, पान तो नव्याने बनवतं. पिवळा येतो वजाबाकीतून, लाल येतो बेरजेतून. लाकडी ठशाचंही असंच आहे. फळीवर सगळी वजाबाकी, कागदावर सगळी बेरीज. शरद ऋतू आणि ही कला यांचं इतकं जमतं याचं एक कारण मला इथे दिसतं.

आपल्याकडे असा लाल अगदीच नाही असं नाही. उद्या सकाळी फिरायला जाल तेव्हा रस्त्याकडेचं देशी बदामाचं झाड बघा. हिवाळ्यात त्याची तळहाताएवढी पानं शेंदरी, मग तांबडीभडक होतात आणि वाजत खाली पडतात. झाडूवाले त्यांना वैतागतात, पार्किंगवाले गाडीवरून झटकतात. ते पाहायला कुणी एदोच्या लोकांसारखं मैलोन् मैल चालत येत नाही. आमचे सर मात्र एकेक पान उचलून खिशात घालायचे.

शरदाचा आपला आणि जपानचा खरा समान धागा पानांत नाही, चंद्रात आहे. हिरोशिगेनेच 1834 च्या सुमाराला बिवा सरोवराकाठच्या आठ देखाव्यांची मालिका केली. त्यातलं एक इशियामा मंदिरावरचा शरदाचा चंद्र. या मंदिरात बसून, सरोवरातला चंद्र पाहत, मुरासाकी शिकिबू या बाईंनी 'गेंजी'ची कथा लिहायला घेतली अशी आख्यायिका आहे. जपानी लोक शरदात दोनदा चंद्र पाहायला बसत. एकदा आठव्या चांद्रमासाच्या पंधराव्या रात्री आणि पुन्हा नवव्या महिन्याच्या तेराव्या रात्री. पंचांग जुळवून पाहिलं तर बहुतेक वर्षी पहिली रात्र आपल्या भाद्रपदी पौर्णिमेला येते आणि दुसरी कोजागरीच्या दोन दिवस आधी. आपण गच्चीवर आटीव दूध घेऊन पौर्णिमेची वाट बघतो. ते त्रयोदशीलाच, चंद्र अजून थोडा अपुरा असतानाच, बसतात. पुरा चंद्र पाहून झाल्यावर अपुरा चंद्र पाहायलाही वेळ राखून ठेवायचा, ही रीत मला फार आवडते.

त्याच आठ देखाव्यांत आणखी एक आहे, मिइ मंदिराची सांजघंटा. या आठ विषयांची कल्पना मूळची चिनी, सुंग काळातली. तिथेही धुक्यात बुडालेल्या देवळाची घंटा हा विषय होताच. कागदावर घंटा वाजवायची कशी? मोठी घंटा काढून ती वाजत नाही. संध्याकाळ काढावी लागते, झाडांत अर्धी बुडालेली छपरं काढावी लागतात, आणि उरलेलं पाहणाऱ्याच्या कानावर सोडावं लागतं. इथेही घंटा वगळूनच घंटेचं चित्र होतं.

आता तुम्ही म्हणाल, जपानी देवळांचं पुष्कळ झालं. जपानी ठशात आपलं देऊळ कुणी छापलं का? छापलं आहे. योशिदा हिरोशी, जन्म 1876, मृत्यू 1950. तैलरंग आणि जलरंगांत नाव कमावल्यावर चाळिशी उलटून हा माणूस लाकडी ठशांकडे वळला. जुन्या पद्धतीतली चौघांची भागीदारी त्याला मानवली नाही. 1925 मध्ये त्याने स्वतःचं कामाचं ठिकाण उभं केलं, कारागीर स्वतःच्या नजरेखाली बसवले, आणि आपल्या देखरेखीत छापलेल्या चित्रांच्या समासात 'जिझुरी', म्हणजे स्वतः छापलेलं, असा शिक्का तो उमटवू लागला. 1926 मध्ये त्याने शिडाच्या होड्यांचं एकच चित्र रंग बदलून सकाळचं, दुपारचं, धुक्यातलं, रात्रीचं असं छापलं. रेघ तीच, वेळ वेगळी. निक्को इथल्या योमेइमोन या देवद्वाराच्या 1937 मधल्या चित्रासाठी त्याने कागद 96 वेळा फळीवर ठेवला. शहाण्णव वेळा, आणि दर वेळी खाचेत नेमका.

हा योशिदा 1930-31 च्या हिवाळ्यात मुलगा तोशी याला घेऊन भारतात आला. हत्ती, ताजमहाल, काशीचे घाट, उदयपूर, अमृतसरचं सुवर्णमंदिर असं फिरला आणि आपल्या वेरूळ-अजिंठ्यालाही गेला. परतल्यावर भारत आणि आग्नेय आशियाची मालिका छापली, त्यात वेरूळची लेणी आहेत. योगायोग पाहा: 1931 मध्येच निचिदात्सू फुजी हे जपानी भिक्षू भारतात आले, पुढे वर्ध्याला गांधीजींना भेटले आणि आपल्याकडे फुजी गुरुजी म्हणून ओळखले गेले. वरळीचं जपानी बुद्धमंदिर त्यांच्याच पंथाचं. त्या पंथाचं मूळ निचिरेन परंपरेत, म्हणजे मामाच्या टेकडीवरच्या त्या न दिसणाऱ्या गुहोजीचं आणि आपल्या वरळीच्या देवळाचं गोत्र एक.

वेरूळला योशिदा काय पाहत असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आपण कैलास लेणं पाहतो ते थक्क होऊन. पण ज्याचं आयुष्य लाकूड कोरण्यात चाललं आहे त्याला त्या अंगणात उभं राहिल्यावर ओळखीचं काही दिसलं असणार. कैलास बांधलेलाच नाही. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात डोंगराच्या माथ्यावरून खाली खोदत जाऊन तो मोकळा केला. मागची कडा शंभर फुटांहून उंच आहे. तेवढा दगड काढला तेव्हा मधे देऊळ उरलं. जो भाग काढला नाही तो कैलास. ठशातली रेघही अशीच उरलेली असते. योशिदासमोर एवढी प्रचंड कोरलेली फळी दुसरी कुठली आली असेल?

यावर आपल्याकडे एक सुंदर कथा आहे. कृष्ण याज्ञवल्की या मराठी ग्रंथकाराच्या 'कथाकल्पतरू'त ती येते. राजा आजारी पडला. राणी माणिकावतीने शंकराला नवस केला की राजा बरा झाला तर देऊळ बांधीन, आणि त्याचं शिखर दृष्टीस पडेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा झाला. कारागिरांनी हिशेब केला: पाया, जोतं, भिंती, मग शिखर, म्हणजे काही महिने. राणी तोवर जगणार कशी? तेव्हा पैठणचा कोकस पुढे आला. म्हणाला, आठवड्यात शिखर दाखवतो. त्याने डोंगर वरून खोदायला घेतला, शिखर आधी निघालं, राणीने उपास सोडला. इतिहास म्हणून ही कथा तपासायची गरज नाही. काढून टाकत जाण्याची कला आपल्या लोकांना इतकी नीट समजली होती की त्यांनी तिच्यावर उपाशी राणीची गोष्ट रचली.

शेवटी, चित्र पाहायचं कसं, याबद्दल थोडं. एक, आधी स्वतःची जागा शोधा. आपण कुठे उभे आहोत, टेकडीवर, होडीत, खिडकीशी? मगच समोर काय आहे ते पाहा. दोन, चित्राच्या कडांकडे लक्ष द्या. मामाच्या चित्रात झाडाचे शेंडे वर कापलेले आहेत, बुंध्यांचे पाय खाली कापलेले आहेत. झाड पूर्ण दाखवायची घाई नाही. 1887 मध्ये पॅरिसला बसून व्हॅन गॉगने हिरोशिगेची दोन चित्रं तैलरंगात उतरवली, त्यातल्या एकात असंच अगदी पुढे आलेलं, कापलेलं प्लमचं झाड आहे. तीन, रंग आज दिसतो तसाच तेव्हा होता असं धरू नका. मामाच्या काही जुन्या प्रतींत तांबडी पानं काळपट झालेली आहेत, कारण त्या लालात शिसं आहे आणि शिसं हवेत काळवंडतं. शरद तिथे आणखी पुढे सरकला आहे. आणि चार, जपानी हाताचं काम प्रत्यक्ष पाहायचं असेल तर फार लांब जायला नको. चर्चगेटची गाडी पकडा. 1922 मध्ये लोकांसाठी उघडलेल्या, आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात रतन टाटा आणि दोराब टाटा यांच्या संग्रहातून आलेल्या चिनी-जपानी वस्तूंची दालनं आहेत. तिथल्या अंगठ्याएवढ्या कोरीव वस्तूंसमोर जरा थांबा. वाकून पाहा. काय काढून टाकलं ते शोधा.

सरांच्या भिंतीवरच्या चित्राचं काय झालं ते सांगून थांबतो. ते ठशाचं नव्हतं, कारखान्यातल्या छपाईचं होतं, आणि त्या भिंतीवर दुपारचं ऊन यायचं. अशा छपाईत लाल आणि पिवळा आधी उडतो, निळा टिकतो. दर वर्षी मेपलची पानं थोडी फिकट होत गेली. मी कॉलेजात गेलो तेव्हा ती जांभळट होती. नोकरीला लागल्यावर पेढे द्यायला गेलो तेव्हा पूर्ण निळी. मी म्हटलं, "सर, नवीन आणून देतो." सर म्हणाले, "कशाला? आता खालचा पूल नीट दिसतो."

खरंच दिसत होता. इतकी वर्षं मी लाल पानांतच अडकलो होतो; तो पूल तुकड्यातुकड्यांनी जोडलेला आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

माझं बोलणं संपलं. टाळ्या वाजवायच्या तर वाजवा, पण लगेच उठू नका. अध्यक्षांची परवानगी आहे. देवळात टेकतो तसे मिनिटभर बसा, आणि मग निघा.